कापडाआडचा दुधी

हुसेनबी : “रंभेऽ, बोट खाली घे! कवळ्या फळाला बोट दावतीस व्हय गं?” अजून कानात हाय बघ माझ्या, तुझ्या सासूचा आवाज. मी नवी नवरी, भिंतीच्या पल्याड भांडी घासत हुते. हातातली परात खाली पडली माझ्या. मला वाटलं, मलाच वरडली.

रंभाबाई : तुला पन वरडली असती. मधी भिंत हुती म्हनून वाचलीस.

हुसेनबी : कसली भिंत! गुडघ्याएवढी तर हुती. सायली, ऐक. तुझी सासू तवा लेकरूच हुती गं. वेलाला पहिली काकडी धरली, आन् ही नाचत सांगाय लागली, “अगंबाई, किती गोड दिसतीया!” त्यावर ही बोंब. तवापासनं हिनं बोट वाकवलं ते वाकवलंच.

सायली : नुसतं बोट वाकवलं असतं तर चाललं असतं, चाची. आईंनी तोंडसुद्धा मिटून घेतलंय.

रंभाबाई : विळा आन आतला.

सायली : बघितलंत?

हुसेनबी : काय झालंय काय तुमचं दोघींचं? माझा असलम टेम्पो घेऊन येतुया, पौडला प्रदर्शनाला जायचंय, अख्ख्या भुकूमच्या बाया नटून बसल्यात भाज्या घेऊन. आन् तुमच्या परसात कोन बोलंना, कोन हसंना.

सायली : तुम्हाला आईंनी सांगितलं नाही?

हुसेनबी : ती काय सांगतीया! पाऊस पडला तरी मला पत्र्यावरनं कळतं, हिच्याकडनं न्हाई.

सायली : मग माझ्याकडून ऐका. गेल्या आठवड्यात परीक्षक आले होते, घरोघरच्या परसबागा बघायला. वांगी बघितली, घेवडा बघितला, दोडक्याचा मांडव बघितला. त्या बाईंनी माती हातात घेऊन वास घेतला. म्हणाल्या, “इथं राडारोडा होता? खरं वाटत नाही.” मला इतकं बरं वाटलं ना! म्हटलं, आता यांना दुधी दाखवू. मागच्या भिंतीशी घेऊन गेले, तर आईंनी फळ धरल्यापासून दुधीवर बांधलेला साडीचा तुकडा त्या दिवशीही तसाच. चारी बाजूंनी गुंडाळलेला.

हुसेनबी : आँ?

सायली : त्या बाईंनी विचारलं, “कापडाआड काय आहे?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाल्या...

रंभाबाई : जे खरं ते म्हनलं.

सायली : “काय न्हाई, भिंत ओली हाय.”

हुसेनबी : या अल्ला! भिंत ओली, म्हनून तिला साडी नेसवली?

रंभाबाई : हसू नगं.

हुसेनबी : मग रडू? ऑक्टोबरच्या उनात भिंत ओली! अगं, निदान माकडं येतात म्हनायचं.

सायली : परसबागेच्या स्पर्धेत आमचा नंबर गेला, चाची. आणि तो दुधी कसा आलाय माहितीये ना तुम्हाला? सगळी पहिली फळं पिवळी पडून गळत होती. बोटाएवढी व्हायची आणि गळायची. मग मी रोज दिवेलागणीला...

हुसेनबी : माहीत हाय की! मोबाइलची बत्ती लावून हिंडायचीस. मला वाटलं, कानातलं पडलं तुझं.

सायली : दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. आजूबाजूला एवढे बिल्डिंगांचे दिवे, पाखरं तिकडेच जातात. मग मी नराचं फूल खुडायचे आणि ज्या फुलाखाली इवलासा दुधी असतो ना, त्याला अलगद लावायचे. रोज. आई म्हणायच्या...

रंभाबाई : फुलाला हात लावला की फूल रुसतं. म्हनायचे. आमच्यात तसंच म्हनत्यात.

सायली : नाही रुसलं. एकही नाही गळलं त्यानंतर. ते तुम्ही बघितलंत, आई. एक शब्द बोलला नाहीत. आणि ज्या दिवशी जगाला दाखवायचं, त्या दिवशीसुद्धा झाकूनच ठेवलंत. मुद्दाम.

रंभाबाई : मुद्दामच.

हुसेनबी : रंभे!

रंभाबाई : मुद्दाम न्हाई तर काय वाऱ्यानं बांधलं? परकी मानसं, हातात कागद, खालवर बगत्यात. कवळं फळ हुतं. एकाची जरी नजर...

सायली : सुनेच्या हातचं कुणाला दिसू नये, एवढंच होतं ते. मला कळत नाही का? इतकी वर्षं झाली. भाजी केली तर “मीठ हाय.” कांदे लावले तर “लागले.” शेण कालवून, पालापाचोळा कुजवून, भाताचं तूस आणून ही जागा जिवंत केली, तर काय म्हणाल्या माहितीये? “पाय धू, मग आत ये.”

हुसेनबी : ते मातर हिचं खरंच...

सायली : असू दे. आज संध्याकाळी शंभूला सांगायचंय मला.

हुसेनबी : नवऱ्याला काय सांगायचंय?

सायली : वाकडला फ्लॅट बघितलाय त्याने. त्याची कंपनी तिकडे. तो म्हणतो, तू हो म्हण, दिवाळी झाली की जाऊ. तू नाही म्हटलीस तर इथूनच जाईन-येईन, तुझी मर्जी. इतके दिवस मी लोंबकळत ठेवलं होतं. आज सांगून टाकते. मी इथं असले काय नि नसले काय, फरक कुणाला पडतो?

हुसेनबी : रंभे, ऐकलंस का?

रंभाबाई : कान हायेत मला.

हुसेनबी : मग?

रंभाबाई : ज्याला जायचं त्यानं जावं. घेवड्याला पानी घातलं का?

सायली : घातलं.

हुसेनबी : घेवड्याला पानी! तुझी जीभ काय शेवग्याची शेंग हाय, चघळून चघळून थुकायची?

रंभाबाई : तुझा असलम येईल आता. दुधी काढायचा की न्हाई?

सायली : काढते. तो पत्र्यावरचा काढते. केवढा मोठा झालाय बघा, हातभर लांब.

रंभाबाई : तो न्हाई.

सायली : का? प्रदर्शनात मोठाच बघतात.

रंभाबाई : तो जरड झालाय. नख लाव.

सायली : ... जात नाही.

रंभाबाई : आत बिया टणक झाल्या असत्याल. तो बियानाला ऱ्हाऊ दे. हा घे, कापडाआडचा.

सायली : तो लहान आहे.

रंभाबाई : लहान न्हाई, कवळा हाय. सोड गाठ. हळू. विळा तिरका धर, देठ बोटभर ठेव. आन् अंगाला हात चोळू नगंस, लव जाती त्याची.

हुसेनबी : अगं अगं अगं! माशाल्ला! काय ह्यो रंग!

रंभाबाई : हळू बोल!

हुसेनबी : हळू कशाला? माशाल्ला म्हनून बोलले की. आमच्यात हे म्हटलं ना, मग किती बी कौतिक करा, नजर लागत न्हाई.

रंभाबाई : तुमचं बरं हाय. आमच्यात तसला शब्दच न्हाई, म्हनून गप बसावं लागतं.

हुसेनबी : मग उसना घे! शेजारनी हाय, साखर घेतीस तसा शब्द घे.

सायली : एकही डाग नाही याच्यावर.

रंभाबाई : असनार कसा?

सायली : पत्र्यावरच्यावर केवढे टिपके आहेत. आणि हा... नुसता पिवळसर हिरवा. मऊ. लव बघा, उन्हात चमकतेय.

हुसेनबी : असलम आला. हॉर्न वाजवतुया. माझी वांगी कुटं ठेवली मी? रंभे, वांग्यात मीच पहिली येनार हां, सांगून ठेवते.

रंभाबाई : तुझ्या वांग्यात किडं असत्यात.

हुसेनबी : मानसाच्या मनात असत्यात, वांग्यात न्हाई. चल, चढ.

(पौड. शाळेचं पटांगण. मांडवाखाली लांबच लांब टेबलं, त्यांवर भाज्या मांडलेल्या. परीक्षक एकेका ताटापाशी थांबत पुढं सरकताहेत.)

हुसेनबी : बगा, बगा, ह्यो दुधी केवढा! मानसाच्या मांडीएवढा. कुटला म्हनायचा?

सायली : माले गावच्या त्या बाईंचा. आणि पलीकडचा तर त्याहून मोठा. आई, मी म्हटलं होतं ना. आपला त्यांच्यात बाळासारखा दिसतोय.

रंभाबाई : बाळासारखाच दिसाय पायजे.

सायली : परत घेऊन जाऊ या का? उगीच हसं होईल.

हुसेनबी : हसं व्हायचं असतं तर तुझी सासू आली असती व्हय हितं? लग्नात सुद्धा मागच्या रांगेत बसती ती. आज बग, टेबलाला चिकटून उभी हाय.

रंभाबाई : पदर वडू नगं माझा.

हुसेनबी : पदर टेबलावर कशाला टाकलास? दुधी झाकतीस? काढ! काढ म्हनते!

सायली : आई, आता तरी बघू द्या ना त्यांना!

रंभाबाई : ... घे. काढला.

हुसेनबी : आल्या, आल्या. गप.

सायली : त्या मोठ्या दुधीला नख लावतायत.

रंभाबाई : गेलं का नख?

सायली : नाही गेलं. पुढे सरकल्या. दुसऱ्यालाही लावलं. त्याला... डंख आहेत म्हणाल्या, फळमाशीचे. चिरला तर आत अळी निघेल म्हणतायत.

हुसेनबी : माल्याच्या बाईचं तोंड बगा, पडवळागत लांब झालं.

सायली : चाची, हळू! आपल्याकडे आल्या.

रंभाबाई : मी जाते बाहेर.

हुसेनबी : हालू नगं. धरते बग पायात पाय घालून.

सायली : नख गेलं. लोण्यात गेल्यासारखं गेलं! चष्मा काढला त्यांनी. उलटा करून बघतायत. बरोबरच्या परीक्षक सरांना बोलावलं.

हुसेनबी : काय म्हनत्यात? मला ऐकू येईना. ही लाऊडस्पीकरवाली मधीच “हॅलो हॅलो” करतीया.

सायली : विचारतायत, एकही डंख कसा नाही? औषध मारलं का म्हणून. ... नाही मॅडम, काहीच नाही मारलं. पानांवर मावा किडा पडला होता, तर चुलीची राख टाकली. पांढरी भुरी आली तेव्हा आंबट ताक शिंपडलं. ते आईंनी सांगितलेलं. ... कसं राखलं? फळ धरलं त्या दिवसापासून जुन्या साडीचं कापड बांधलं होतं. सुती. वारा जातो, माशी जात नाही. ऊनही थेट लागत नाही. ... मी नाही मॅडम. यांनी. या माझ्या सासूबाई. यांची पद्धत आहे ती.

हुसेनबी : रंभे, तुझ्याकडं बगतायत. बोल काय तरी.

रंभाबाई : काय बोलू?

हुसेनबी : “भिंत ओली” म्हनू नगंस म्हंजे झालं!

सायली : मॅडम विचारतायत आई, कापड का बांधता?

रंभाबाई : ... कवळं असतंय वो. जपाय लागतं.

हुसेनबी : बास! लाखात एक बोललीस. लिहून घेतलं बग त्यांनी.

सायली : शूऽऽ! नावं पुकारतायत.

हुसेनबी : वांगी... वांग्यात... दुसरी? मी दुसरी? पहिली कोन? पिरंगुटची? तिनं इकत आनली असतील बाजारातनं!

सायली : चाची, थांबा! दुधी... भुकूम... आई!

हुसेनबी : पहिला! रंभे, पहिला नंबर! आन् ऐक, अजून बोलतायत. सगळ्या मांडवात उत्तम फळ... उत्तम फळ बी ह्योच! अल्ला! अगं, वांगी, टमाटं, पपया, सगळ्यांत!

सायली : आई, चला ना वर. दोघींना बोलावलंय.

रंभाबाई : तू जा. तुझा हाय तो.

सायली : फूल माझं होतं, कापड तुमचं. चला.

हुसेनबी : ढकलू का? ढकलतेच! वाजवा गं टाळ्या, भुकूमच्या बायांनो! हात काय वांग्याला चिकटलेत काय तुमचे? जोरात! असलम, फोटो काढ! ए, रंभे, फोटोत पदर टाकू नगंस दुधीवर! टाकलाच. टाकलाच बाईनं!

सायली : ... चाची, धरा ही झारी. बक्षीस. पितळेची आहे.

हुसेनबी : जड हाय गं. आन् हे मागं कोन लागलंय तुमच्या?

सायली : बायका. आईंना विचारतायत, साडी कुठली लागते, गाठ कशी मारायची, बी द्याल का. आई, सांगा त्यांना. मी सांगू?

रंभाबाई : ... सुती घ्यायची, बायांनो. नायलॉन नगं, फळ घामेजतं. गाठ वरनं, सैल, म्हंजी वाढाय जागा ऱ्हाती. आन् फळ बोटाएवढं हाय तवाच बांधायचं. बी देईन. जरड झालेला एक ठेवलाय.

हुसेनबी : बग की सायली! माझ्या मैत्रिणीला वाचा फुटली. आज पौडला यायचं सार्थक झालं.

(परतीचा टेम्पो.)

सायली : बसा नीट दोघी. मी मागे बसते, दुधी मांडीवर घेते. असलमभाई, पिरंगुटच्या चौकात खड्डे आहेत, हळू.

हुसेनबी : मागं कशाला, हितं बस मधी. माझं बी वजन काय आता पयल्यागत ऱ्हायलं न्हाई. हां, बसली. सायली, तुला एक गोष्ट सांगू?

रंभाबाई : काय सांगू नगंस तिला.

हुसेनबी : तुला काय म्हाईत, मी काय सांगनार ते?

रंभाबाई : म्हाईत हाय. तुझ्या डोळ्यात दिसतंय. गप बस.

सायली : सांगा चाची.

हुसेनबी : रोज पहाटं मी नमाजला उठते. भिंतीपल्याड तुझी सासू परसात असती. झाडलोट करती, वेलाला गाठी मारती. आन् गाती.

सायली : आई? गातात?

हुसेनबी : बारीक आवाजात. कोनाला ऐकू जाऊ नये असं. ओव्या जुळवती आपल्याच मनानं. जात्यावरच्या चालीत. जातं गेलं, चाल ऱ्हायली. मला वाटलं, देवाचं काय तरी असंल. येक दिवस कान दिला.

रंभाबाई : हुसेनबी, तुझ्या पाया पडते.

हुसेनबी : पड. पन ऐकू दे पोरीला. ह्यो दुधी धरला ना, तवाची ही :

परसात वेल माझा, गेला पत्र्याच्या आढ्याला
किती झाकू पानाखाली, चांद लागला वाढायाला

सायली : ... आईंनी जुळवली ही?

हुसेनबी : थांब, पुढं ऐक. त्याच्या आधीची हाय ती. तू कुदळ घेऊन राडारोडा उपसत हुतीस ना, विटांचे तुकडे, सिमेटचे गोळे. हात सोलपटलं हुतं तुझं. तवाची :

दगुडधोंड्याच्या जागी, सून फुलवी गं मळा
किती सांगू बाई तुला, तिच्या हातातली कळा

रंभाबाई : असलम, टेम्पो थांबीव. मी चालत येते.

हुसेनबी : थांबवू नगंस रे! अजून लई हायेत. तुला ताप आला हुता, त्याची येगळी. तू कोथरूडला माहेरी गेलीस, त्याची येगळी; ती ऐकून तर मीच रडले नळाखाली. भिंतीला कान असत्यात, ते माझे हायेत.

सायली : आई... तुम्ही माझ्यावर ओव्या जुळवता?

रंभाबाई : पुढं बघ. खड्डा आला.

सायली : आई.

रंभाबाई : दुधी धर नीट. देठ मोडंल.

हुसेनबी : ऱ्हाऊ दे सायली. आता तिला दमानं घे. आली बग आपली गल्ली. मी उतरते. माझी पाटी दे. दुसरा नंबर तर दुसरा नंबर, वांग्याचं भरीत करते, रातच्याला पाठवते. आन् रंभे...

रंभाबाई : काय?

हुसेनबी : मी आता घरात जाते. आज भिंतीला कान न्हाईत. बोलून घे.

(घरामागचं परस. संध्याकाळ.)

सायली : आई, झारी भरून आणली. पहिलं पाणी दुधीला घालू?

रंभाबाई : घाल. बुडात नगं, वाईच लांबनं. आळ्याच्या कडेनं.

सायली : अशी?

रंभाबाई : व्हय.

सायली : मला वाटत होतं, तुम्हाला माझं काही आवडतच नाही. पहाटे गाता, ते दिवसा का नाही म्हणत मला?

रंभाबाई : भ्या वाटतं.

सायली : माझं?

रंभाबाई : तुझं कशाला? म्हटलं की जातं, त्याचं. आपलं भातखाचर हुतं ना, रस्त्याकडंचं. लोंब्या आल्या की मी बांधावर उभी ऱ्हाऊन म्हनायचे, माझं खाचर बगा, माझं खाचर बगा. कुटं हाय ते? बिल्डिंग हाय तिथं. खाली बिस्किटाचं दुकान.

सायली : ते तुम्ही म्हटल्यामुळे नाही गेलं. मामंजींनी विकलं.

रंभाबाई : व्हय. सही त्यांचीच हुती.

सायली : मग?

रंभाबाई : मग काय. मानूस शोधतंच की, आपलं काय चुकलं.

सायली : आणि आज? दुधी सगळ्या तालुक्याने बघितला. टाळ्या वाजवल्या. त्या मॅडमनी तर हातात धरून सगळीकडे फिरवला. काय झालं त्याला?

रंभाबाई : काय न्हाई झालं.

सायली : काही नाही ना?

रंभाबाई : उलट जरा जास्तच चांगला दिसाय लागलाय.

सायली : आई! हे कौतुक झालं!

रंभाबाई : तोडलेल्या फळाचं चालतं.

सायली : हसताय तुम्ही. ... एक विचारू? तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला कधी चांगलं म्हटलं?

रंभाबाई : न्हाई.

सायली : कधीच?

रंभाबाई : कधीच न्हाई.

सायली : तुम्हाला ऐकावंसं नाही वाटलं?

रंभाबाई : वाटलं की. रोज वाटायचं. मांडव बांधताना, भाकरी थापताना. पाठीमागं उभी ऱ्हायली की वाटायचं, आता म्हनंल. आजारी पडली, अंथरुनाला खिळली, तिला न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, तवा बी वाटायचं. शेवटच्या दिशी माझा हात धरला तिनं. मी कान पार तोंडाशी नेला.

सायली : काय म्हणाल्या?

रंभाबाई : नुसता धरून ऱ्हायली. तिच्या बी मनात असंल गं. पन माझ्या कानात काय ऱ्हायलं? बोट खाली घे, एवढंच.

सायली : शंभूची गाडी वाजली. आला तो.

रंभाबाई : व्हय.

सायली : तो विचारेल आता. मी काय सांगू त्याला?

रंभाबाई : तुझी इच्छा.

सायली : माझी नाही, तुमची विचारतेय.

रंभाबाई : ह्यो वेल... येवढा वेल मला येकटीला झेपायचा न्हाई. संध्याकाळची फुलं मला दिसत बी न्हाईत नीट.

सायली : म्हणजे वेलासाठी. असू द्या. जाते मी आत. चहा टाकते त्याला.

रंभाबाई : सायली.

सायली : काय?

रंभाबाई : वेलासाठी न्हाई गं. माझ्यासाठी. जाऊ नगंस.